उमेदवारीच्या वर्षांचा हिशेब

धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबांत मुलामुलींना शिकवावे की नाही, याविषयी आता दुमत उरलेले नाही. मतभेद आहे तो निराळ्याच मुद्द्यावर. शिक्षण कोठपर्यंत न्यावे, ते चालू असता घर कोणी चालवावे, आणि ज्या शिक्षणाचे फळ पाच-सात वर्षांनी हाती यावयाचे त्याची वाट पाहणे मोलमजुरी करणाऱ्या कुटुंबास परवडते काय, हे प्रश्न आज आपल्या घराघरांत विचारले जात आहेत. विहारातील सभेत त्यांची चर्चा होत नाही. ती चुलीपाशी होते, आणि बहुधा मुलाच्या किंवा मुलीच्या आशेवर पाणी पडून ती संपते.

हे लिहिण्यास निमित्त असे घडले. पवनी तालुक्यातील एक गृहस्थ भंडाऱ्याच्या न्यायालयाच्या आवारात मजकडे आले. गवंडीकाम करतात आणि पावसाळ्यात पतिपत्नी दोघेही रोवणीला जातात. घरची धानाची जमीन पाऊण एकर. काही वर्षांपूर्वी त्यांनी सहकुटुंब दीक्षा घेतली. मुलगी बी. कॉम. झाली असून सनदी लेखापालाच्या, म्हणजे लोक ज्यास सी. ए. म्हणतात त्या, अभ्यासक्रमाची मधली परीक्षा दोन्ही गटांसह उत्तीर्ण झाली आहे. आता दोन वर्षे एखाद्या सनदी लेखापालाच्या हाताखाली उमेदवारी करावयाची आणि त्यानंतर अंतिम परीक्षा द्यावयाची. नागपुरात एका कार्यालयात जागा मिळण्यासारखी आहे. खोलीचे भाडे, खानावळ, पुस्तके आणि फी यांसाठी गावातील एक माणूस दीड लाख रुपये देण्यास तयार आहे; परंतु त्याला गहाणखत नको, त्या पाऊण एकराचे खरेदीखत हवे. पैसे फिटले की जमीन परत लिहून देईन, असे तो तोंडी म्हणतो.

गृहस्थ म्हणाले, “वकीलसाहेब, पोरगी शिकून राहिली याचा अभिमानच आहे. पण ही दोन वर्षे फुकट तर नाही ना जाणार? मेव्हणा म्हणतो, तलाठ्याची नाही तर पोलिसाची परीक्षा देऊ दे.”

खरेदीखताविषयी वकील म्हणून काय सांगावयाचे ते मी तेथेच सांगितले. विनापरवाना सावकारी २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी अधिनियमाने गुन्हा आहे, आणि तोंडी वचनावर खरेदीखत करून देणे म्हणजे जमीन देऊन टाकणे होय. परंतु त्यांचा दुसरा प्रश्न कायद्याचा नव्हता. त्याचे उत्तर मला त्या दिवशी नीटसे देता आले नाही. ते येथे देण्याचा प्रयत्न करीत आहे.

प्रथम ही उमेदवारी म्हणजे काय, हे ज्या घरांतून आजवर कोणी या वाटेने गेलेले नाही त्यांच्याकरिता सांगितले पाहिजे. पद्धत जुनी आहे. मुंबईत १९१८ साली सरकारी लेखा-पदविका सुरू झाली तेव्हाही, परीक्षेच्या जोडीला मान्यताप्राप्त लेखापालाच्या हाताखाली तीन वर्षे काढल्याखेरीज कोणास हिशेबतपासनीस होता येत नसे. १९४९ साली चार्टर्ड अकौंटंट्स अ‍ॅक्ट आला, त्याच वर्षी १ जुलै रोजी या व्यवसायाची संस्था स्थापन झाली आणि नियम करण्याचा अधिकार तिच्याकडे गेला. उमेदवारी मात्र कायम राहिली. अनेक वर्षे ती तीन वर्षांची होती. २०२३ च्या जुलैपासून लागू झालेल्या नव्या योजनेत ती दोन वर्षांवर आली. या काळात उमेदवारास विद्यावेतन मिळते. त्याची किमान मर्यादा शहराच्या लोकसंख्येप्रमाणे ठरत आली आहे: वीस लाखांवरील शहरास एक दर, चार ते वीस लाखांच्या शहरास त्याहून कमी, आणि चार लाखांखालील गावास सर्वांत कमी. म्हणजे नागपुरास वरचा दर आणि भंडाऱ्यास खालचा. अनेक वर्षे ही किमान रक्कम मोठ्या शहरातही चार आकडीच राहिली. तुलनेसाठी सांगतो, २०२४-२५ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. पंचवीस दिवस काम मिळाले तर ७,४२५ रुपये होतात. पहिल्या वर्षाचे किमान विद्यावेतन याहून कमी असे! पदवी घेतलेली मुलगी फावड्याच्या मजुरीहूनही कमी पैशांवर राबते, हे पाहून बापाचा जीव खालीवर झाला तर त्याला अडाणी कोण म्हणेल?

परीक्षेचे म्हणाल तर तीही सरळ नाही. प्रत्येक विषयात शंभरापैकी चाळीस गुण हवेत आणि गटाच्या एकूण गुणांपैकी निम्मे हवेत. एखाद्यास तीन विषयांत ५८, ५७ आणि ३८ गुण मिळाले तर बेरीज १५३ होते, म्हणजे निम्म्याहून अधिक; तरीही तो गट अनुत्तीर्ण. गावात एवढेच कळते की पोरगी नापास झाली. दोन गुणांनी राहिली की वीस, हे कोणी विचारीत नाही. घरच्यांनी ही गोष्ट अगोदरच समजून घेतली पाहिजे, कारण पहिल्याच प्रयत्नात दोन्ही गट सुटणारे थोडे असतात. एकदा अडल्याने बुद्धी नाही असे ठरत नाही.

एवढे कष्ट घेऊन शेवटी लाभ होतो काय? माझे मत आहे की, होतो. ज्याच्या हाती ही सनद येते त्याची उपासमार होत नाही. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हापासून तुमसरच्या भातगिरणीवाल्यापासून भंडाऱ्याच्या पितळी भांड्यांच्या व्यापाऱ्यापर्यंत प्रत्येकाला नोंदवही आणि विवरणपत्र यांवाचून व्यवहार करता येईनासा झाला आहे. बँकेचे कर्ज मागावयाचे तर प्रकल्प-अहवाल लागतो. कंपनीचे लेखापरीक्षण तर सनदी लेखापालाखेरीज कोणी करूच शकत नाही. हे ज्ञान विकत घेणारा माणूस नेहमीच सापडतो. पण “लाभ होतो” हे वाक्य बोलतात कोण, तेही पाहिले पाहिजे. जे पार पडले तेच बोलतात. दोन वर्षांच्या उमेदवारीत ज्यांचे घर मोडले, किंवा तिसऱ्या प्रयत्नानंतर जे कोठेतरी कारकुनी धरून बसले, ते सभेत भाषण करण्यास येत नाहीत.

या प्रश्नाचा विचार करताना मला वारंवार परमपूज्य बाबासाहेबांच्या १९१७ ते १९२८ या काळाकडे जावे लागते. महाडचे आणि गोलमेज परिषदेचे बाबासाहेब आपण सर्व जाणतो. हिशेबनिशी करून पोट भरू पाहणारे बाबासाहेब मात्र आपल्या भाषणांतून क्वचितच येतात. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला हा माणूस १९१७ साली बडोद्यास नोकरीवर गेला आणि तेथे राहण्यास जागासुद्धा न मिळाल्याने परत फिरला. मुंबईत त्यांनी खाजगी शिकवण्या केल्या, हिशेब लिहिण्याचे काम केले, समभाग व रोखे यांच्या व्यवहारात सल्ला देण्याचा व्यवसायही काढून पाहिला. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे गिऱ्हाइकांना कळताच तो व्यवसाय बुडाला. सल्ला चुकीचा होता असे कोणीही म्हटले नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. त्यानंतर १९१८ ते १९२० सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून त्यांनी पै पै साठविली. शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले कर्ज यांच्या बळावर ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी त्यांनी मुंबईस वकिली सुरू केली, आणि एवढ्या विद्वत्तेच्या बॅरिस्टरला सॉलिसिटर काम देईनात! तेव्हा घर चालावे म्हणून १९२५ पासून १९२८ पर्यंत ते बाटलीबॉय यांच्या अकौंटन्सी ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये व्यापारी कायदा शिकवीत होते. हिशेबनीस जेथे तयार होत, त्या वर्गात ते उभे राहत. चवदार तळ्याचे पाणी प्याले गेले तो १९२७ चा मार्च याच नोकरीच्या काळातला आहे.

म्हणजे पहिली दहा वर्षे त्यांनाही चुकली नाहीत. मात्र येथेच थांबून “बाबासाहेबांनी सोसले, तुम्हीही सोसा” असा उपदेश करणे मला मान्य नाही. दुहेरी नोंदीच्या पद्धतीत जमेच्या प्रत्येक नोंदीसमोर नावेची एक नोंद असते. बाबासाहेब लंडनमध्ये ग्रंथालयात बसले होते तेव्हा परळच्या खोलीत माता रमाई तुटपुंज्या पैशांत संसार रेटीत होत्या. त्या दोघांची चार अपत्ये बालवयातच गेली. १९३५ च्या मे महिन्यात रमाई गेल्या. त्या पदव्यांची नावेची बाजू त्यांनी भरली. आजही प्रत्येक उमेदवारामागे अशी एक नावेची बाजू असते. कोठे ती आईच्या कानातल्या सोन्याची असते, तर कोठे धाकट्या भावाच्या मोडलेल्या शाळेची. पवनी तालुक्यातील त्या घरी ती पाऊण एकर धानाच्या बांधीची असणार होती.

म्हणून माझे म्हणणे असे की, ही वर्षे फळतात की नाही हा प्रश्न अर्धवट आहे. ती फळेपर्यंत घर कोणाच्या पैशांवर उभे राहते, हा पुरा प्रश्न होय. नागपूरच्या पेढीवाल्याचा मुलगा उमेदवारी करतो तेव्हा तो घरी जेवतो, बापाच्या गाडीवरून कार्यालयात जातो, आणि अंतिम परीक्षेत एकदा अडला तर सहा महिने पुन्हा अभ्यास करतो. आपल्या मुलीला तेच विद्यावेतन मिळते. परंतु त्यातूनच तिला भाडे द्यावे लागते, आणि एकदा अडली की गावाहून निरोप येतो, आता पुरे. बुद्धीत दोघांच्या फरक नाही. फरक आहे तो थांबण्याच्या भांडवलात. आपल्या समाजाजवळ बुद्धी आहे आणि कष्टाची तर कमतरता कधीच नव्हती, पण थांबण्याचे भांडवल नाही. पिढ्यान्‌पिढ्या आपल्याला रोजच्या रोज मोजून देण्यात आले, महिन्याचा विचार करण्याची सवडही मिळाली नाही. सात वर्षांचा कोठून करणार?

मेव्हण्याचा सल्लाही मी तुच्छ लेखीत नाही. पहिल्या तारखेस हाती पडणाऱ्या सरकारी पगारानेच आपली एक संबंध पिढी उभी राहिली. जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत, वरठीच्या रेल्वे स्थानकात, जिल्हा परिषदेच्या शाळांत ज्यांना नोकऱ्या मिळाल्या त्यांची मुले आज शिकलेली दिसतात. पण तो दरवाजा पूर्वीइतका रुंद राहिलेला नाही. १ ऑक्टोबर २०२१ रोजी देशातील एक्केचाळीस आयुध निर्माणी सात कंपन्यांत विभागल्या गेल्या, त्यात आपली निर्माणीही आली. भरतीच्या थोड्या जागांसाठी किती मुले वर्षानुवर्षे खोली करून अभ्यासिकांतून बसली आहेत, हे नागपुरास जाऊन कोणीही पाहावे. त्या वर्षांना आपण उमेदवारी म्हणत नाही, पण पैसा आणि तारुण्य तेथेही खर्च होतच असते. आणि यश न आले तर हाती कौशल्य काहीच राहत नाही. मधली परीक्षा उत्तीर्ण होऊन दोन वर्षे हिशेबाचे काम केलेला माणूस अंतिम परीक्षेत अडला तरी कोणत्याही गिरणीत, रुग्णालयात, बांधकाम ठेकेदाराकडे लेखापालाचे काम करू शकतो. घरच्यांनी ही तुलनाही करून पाहावी.

एक इशारा मात्र दिला पाहिजे. उमेदवारी सर्वत्र उमेदवारी नसते. माझ्या नात्यातील एका मुलाने एका शहरातील एका कार्यालयात पहिले संपूर्ण वर्ष पावत्या संगणकात भरण्यात आणि बँकेत धनादेश पोचविण्यात काढले. ताळेबंद तयार करताना त्याला कोणी जवळ बसविले नाही. संस्थेच्या दंडकाप्रमाणे आठवड्यास पस्तीस तासांचे काम असावयास हवे. सप्टेंबरात, कर-लेखापरीक्षणाची मुदत जवळ आली म्हणजे, रात्रीचे दहा वाजत. शिवाय मुलाखतीत आडनाव विचारल्यावर “वडील काय करतात” हा प्रश्न आला, आणि त्याच्याबरोबरच्या मुलाला तो आला नाही. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. कार्यालय निवडताना काय विचारावे ते कळावे म्हणून लिहितो. तेथे पूर्वी काम केलेल्या दोन मुलांना आधी भेटा. त्यांना कोणकोणते काम शिकावयास मिळाले, परीक्षेपूर्वी रजा मिळाली की नाही, आणि त्यांपैकी कितीजण पुढे उत्तीर्ण झाले, हे विचारा. एकदा नोंदणी झाल्यावर कार्यालय बदलण्याची मुभा नियमांनी फार आवळून धरली आहे. वकिलीतही आम्ही हेच पाहिले आहे. तेथे तर नवशिक्यास किमान विद्यावेतनाचा सक्तीचा नियमही नव्हता. २०२४ च्या ऑक्टोबरात बार कौन्सिल ऑफ इंडियाने शहरात दरमहा २०,००० व ग्रामीण भागात १५,००० रुपयांची शिफारस केली, तीही शिफारसच. या बाबतीत लेखापालांची संस्था आमच्यापुढे आहे हे मान्य केले पाहिजे.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा विषय एका घराचा न मानता समाजाचा मानतो, ती सांगतो. माझ्या वकिलीच्या अनुभवात आपल्या माणसांवर आलेली बरीच संकटे न वाचलेल्या हिशेबातून आली आहेत. पूर्वी सावकाराच्या वहीवर अंगठा होता. विडीच्या सट्टेदाराने छाट म्हणून किती विड्या बाजूला काढल्या याचा कागद बाईच्या हाती कधी येत नसे. आज अंगठ्याच्या जागी सही आली, एवढाच काय तो पालट. एका पतसंस्थेत आपल्या समाजातील तीन माणसे संचालक होती. तिघेही प्रामाणिक. ताळेबंदावर त्यांच्या सह्या होत्या, परंतु त्यातील “येणे कर्ज” या एका ओळीत काय दडले आहे हे तिघांपैकी एकालाही कळत नव्हते. संस्था बुडाली. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० याच्या कलम ८८ खाली नुकसानीची जबाबदारी ठरविण्याची चौकशी लागली, तेव्हा ज्यांनी पैसे खाल्ले त्यांच्याबरोबर हे तिघेही उभे राहिले. “आम्हाला समजत नव्हते” हा बचाव कायद्यात फारसा चालत नाही. मी त्यांचा वकील होतो. त्यांच्यापैकी एकाने मला विचारले की सही करण्यापूर्वी कोणाला दाखवावयास हवे होते? त्यांच्या गावाच्या पंचक्रोशीत दाखविण्यासारखा आपला असा एकही माणूस नव्हता.

विहारांचीही गोष्ट काही निराळी नाही. नोंदणी झालेला विहार हा सार्वजनिक न्यास असतो. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाप्रमाणे त्याने हिशेब ठेवले पाहिजेत आणि ते तपासून घेतले पाहिजेत. कित्येक ठिकाणी दानाची रक्कम खिशातल्या वहीत असते, आणि समिती बदलली की वही जुन्या अध्यक्षाच्या घरी राहते. मग भांडण, मग धर्मादाय आयुक्तांकडे अर्ज, मग दोन गट. माणसे लबाड असतात असे नाही. पण पेटीत काय आले आणि कोठे गेले हे ज्याला भिंतीवर वाचता येत नाही, तो संशय घेणारच. पवनीस जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० साली उत्खनन झाले तेव्हा जो स्तूप उजेडात आला, त्याच्या दगडांवर दान देणाऱ्यांची नावे ब्राह्मी लिपीत कोरलेली सापडली. दोन हजार वर्षांपूर्वी याच मातीत आपल्या धम्मबांधवांनी दानाची नोंद दगडावर ठेवली. आणि आपणास ती वहीतही ठेवता येऊ नये?

भगवान बुद्धांनी गृहस्थांस धनाविषयी काही सांगितलेच नाही, असा समज असेल तर तो दूर करावा. कोलिय कुळातील दीघजाणू या गृहस्थास उपदेश करताना त्यांनी उद्योग, कमावलेल्याचे रक्षण, सन्मित्रांची संगत आणि समतोल उपजीविका अशा चार गोष्टी सांगितल्या. आणि चौथीसाठी तराजू धरणाऱ्याचा दाखला दिला. किती आले आणि किती गेले हे त्याला काट्यावरून कळते, तसे गृहस्थास कळावे. सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत: एक उपभोगासाठी, दोन व्यवसायात घालण्यासाठी, आणि एक आपत्तीसाठी राखून ठेवण्याचा. हिशेब हा वाण्याचा धर्म आणि आपला नव्हे, ही समजूत चातुर्वर्ण्याची आहे. बाबासाहेबांनी ती कधीच मानली नाही. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५३ साली मुंबईत वाणिज्य व अर्थशास्त्राचे स्वतंत्र सिद्धार्थ महाविद्यालय काढले, ते त्यांच्याच हयातीत.

ज्यांना सनदी लेखापालाची लांबलचक वाट खरोखरच शक्य नाही, त्यांच्यासाठी एक जवळची वाट आहे आणि ती आपल्या जिल्ह्यात फार थोड्यांना माहीत आहे. सहकार खात्यातर्फे सहकार व लेखा यांची शासकीय पदविका परीक्षा दरवर्षी होते, तिला जी. डी. सी. अँड ए. म्हणतात. पदवीधरास बसता येते. नोकरी करता करता, घरी राहून अभ्यास करता येतो. पुढे आवश्यक तो अनुभव मिळाल्यावर सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षकांच्या नामतालिकेवर येण्याचा मार्ग तिच्याने खुला होतो. भंडारा जिल्ह्यात सेवा सहकारी संस्था, मच्छीमार संस्था, दूध संस्था, धान खरेदी करणाऱ्या संस्था गावोगाव आहेत, आणि त्या प्रत्येकीचे हिशेब दरवर्षी तपासावे लागतात. हे काम कोणीतरी करीतच असते. ते आपल्या मुलामुलींनी का करू नये, याचे मला तरी कारण सापडत नाही. सनदी लेखापालाइतका पैसा यात नाही, हे उघड आहे. पण पाऊण एकर विकावे लागत नाही.

दीक्षेमुळे शैक्षणिक सवलती गेल्या, अशी भीती काही नवदीक्षित कुटुंबांत अजून आहे. १९९० साली अनुसूचित जाती आदेशात दुरुस्ती झाल्यापासून अनुसूचित जातींतून आलेल्या बौद्धांना त्या लागू आहेत. जातीचे प्रमाणपत्र व वैधता यांचे कागद मुलगी दहावीत असतानाच करून ठेवावे. उमेदवारीच्या वेळी धावपळ करू नये.

राहता राहिला थांबण्याच्या भांडवलाचा प्रश्न. १९५६ च्या ऑक्टोबरात नागपुरास बाबासाहेबांनी आपल्या मिळकतीचा विसावा हिस्सा धम्मकार्यासाठी देण्यास सांगितले होते. विसावा हिस्सा आज कोणी देत नाही, मीही नियमाने देत आलो नाही. परंतु चाळीस घरांच्या वस्तीत प्रत्येक घराने दरमहा शंभर रुपये दिले तर महिन्याचे चार हजार होतात, दोन वर्षांचे शहाण्णव हजार. विद्यावेतन जमेस धरता एका मुलीची नागपुरातील उमेदवारी त्यात बहुतांशी निभते. हा पैसा भिक्षा म्हणून देऊ नये. लेखी कराराने, बिनव्याजी द्यावा, आणि कमाई सुरू झाल्यावर हप्त्यांनी परत घ्यावा. अंतिम परीक्षेचे किती प्रयत्न निधीने पोसावयाचे, ते आरंभीच लिहून ठेवावे, म्हणजे पहिल्या अपयशानंतर कोणी तिला घरी बोलावणार नाही आणि पाचव्यानंतर कोणी फसविल्याचा आरोप करणार नाही. उमेदवार मुलगी असेल तर या काळात तिच्या लग्नाची बोलणी काढू नयेत, असेही एक कलम असावे. मेव्हण्याच्या सल्ल्यामागे हीच घाई होती, हे मला नंतर कळले. उमेदवाराने सुटीत गावी आल्यावर विहाराची वही लिहून द्यावी. लेखापरीक्षण तिने करू नये, ते अधिकार असलेल्या माणसाकडूनच व्हावे. पण वही स्वच्छ असली की त्याचेही काम सोपे होते. आणि निधीचा जमाखर्च दर पौर्णिमेस फलकावर लागावा, नावांसकट.

त्या गृहस्थांच्या गावच्या विहार समितीस मी हे सर्व पत्राने कळविले आहे. समितीत दोन मते आहेत. एक मत असे की, एकाच घरच्या मुलीसाठी सर्वांनी का द्यावे. दुसरे मत एका वृद्ध उपासिकेचे. तिने चाळीस वर्षे विड्या वळल्या आणि सट्टेदाराची वही कधी पाहिली नाही. तिने पहिले शंभर रुपये अध्यक्षांच्या हातात दिले आणि पावती मागितली. पावतीपुस्तक समितीजवळ नव्हते. ते छापून घेतले आहे. बैठक येत्या पौर्णिमेस आहे. खरेदीखताचा मुद्रांक तोपर्यंत घेऊ नये, असे मी त्या गृहस्थांना सांगितले असून त्यांनी ते मान्य केले आहे. नागपूरच्या कार्यालयाने मुलीला महिनाअखेरपर्यंत मुदत दिली आहे.